राजदंड आणि मेंढपाळाची काठी

(वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ति ३८:१२-२६, ४९:८-१०, एस्तेर ४:९-१७ व ५:१-३, स्तोत्र ४५:६, मत्तय २७:२७-३१)



मिसर देशात, परक्या भूमीवर, एक वृद्ध मनुष्य मरणाच्या बिछान्यावर उठून बसला आहे. त्याची दृष्टी मंद झाली आहे. भोवती त्याचे बारा पुत्र उभे आहेत. एकेकाला उद्देशून तो बोलतो. आणि यहूदाची पाळी येते तेव्हा त्याच्या मुखातून जे वचन निघते त्याचा आशय असा की, राजदंड यहूदाच्या घराण्यातून सुटणार नाही. हे वचन नाताळाच्या दिवसांत आपण पुष्कळ वेळा ऐकले आहे. ते दावीदाच्या वंशात व पुढे आपल्या प्रभूमध्ये पूर्ण झाले असे आपण मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु बोलणारा कोण होता ह्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. याकोबाजवळ राज्य नव्हते, सिंहासन नव्हते, सैन्य नव्हते. तो मेंढरे राखणारा मनुष्य होता. तरुणपणी यार्देन ओलांडताना आपल्या हाती काठीवाचून काही नव्हते, असे त्याने स्वतःच देवापुढे कबूल केले आहे (उत्पत्ति ३२:१०). मग काठीच्या धन्याला राजदंडाची भाषा कोठून आली?

उत्तर त्या शब्दातच आहे. मूळ इब्री भाषेत येथे जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारणपणे ‘शेवेट’ असा होतो. (आपल्या ‘शेवट’ ह्या शब्दाशी त्याचे काही नाते नाही, कानाला तेवढे साम्य वाटते.) ह्या शब्दाचा पहिला अर्थ राजदंड असा नाहीच. त्याचा पहिला अर्थ काठी, सोटा, दांडके. झाडाची फांदी तोडून, साल काढून हाती घेतली की ते शेवेट झाले. बनाया नावाचा दावीदाचा वीर भालाईत मिसऱ्यावर चालून गेला तेव्हा त्याच्या हाती काय होते? शेवेट होते, म्हणजे साधी काठी (२ शमुवेल २३:२१). बाप मुलाला शिक्षा करतो तेव्हा त्याच्या हाती जे असते तेही शेवेटच (नीतिसूत्रे १३:२४). आणि तेविसाव्या स्तोत्रात दरीतून चालणाऱ्या मेंढराला ज्याने धीर येतो तेही शेवेटच. आपल्या मराठी शास्त्रात तेथे ‘आकडी’ व ‘काठी’ असे दोन शब्द शेजारी ठेविले आहेत. रानात मेंढरे चारणाऱ्या आपल्या धनगर बांधवांना आकडी म्हणजे काय हे सांगावयास नको. उंच बाभळीची डहाळी खाली ओढून शेळ्यामेंढ्यांच्या तोंडाशी आणावयाची ती हीच.

ह्या शब्दाचा एक उपयोग शेतकऱ्याने अवश्य ध्यानात घ्यावा असा आहे. यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात मळणीचा दृष्टांत आहे. संदेष्टा सांगतो की, जिऱ्यावर कोणी मळणीचे जड यंत्र फिरवीत नाही, गाड्याचे चाक फिरवीत नाही. जिरे काठीने झोडतात. ती काठी म्हणजे शेवेट. आपल्याकडेही तिळाच्या पेंढ्या खळ्यावर बैलांच्या पायांखाली घालीत नाहीत; त्या उलट्या धरून झाडतात, फार तर काठीने ठोकतात. दाणा नाजूक असला म्हणजे शहाणा शेतकरी काठी घेतो, अशासाठी की दाणा निघावा पण चिरडू नये. शिक्षा करणारी काठी आपण ऐकून आहो. चिरडण्यापासून वाचविणारी काठी हा त्याच शब्दाचा अर्थ आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते.

आणखी एक गोष्ट. मेंढपाळ सायंकाळी मेंढरे वाड्यात घेताना काठी आडवी धरून एकेक मेंढरू तिच्याखालून जाऊ देत असे व मोजीत असे. नियमशास्त्रात दर दहावे जनावर देवाचे म्हणून निराळे काढावयाचे ते ह्याच रीतीने (लेवीय २७:३२), आणि यहेज्केलाच्या द्वारे देव आपल्या लोकांनाही काठीखालून जावयास लावीन असे सांगतो (२०:३७). तेव्हा शेवेट मारते, शेवेट राखते आणि शेवेट मोजतेही. मोजणे म्हणजे प्रत्येकाची ओळख ठेवणे. शंभरांत एक कमी आहे हे ज्याला कळते तोच हरवलेल्याच्या शोधास निघतो.

ह्यावरून पुढचा अर्थ उगवला. टोळीच्या प्रमुखाच्या हाती काठी असे, त्या काठीमागे जे चालत त्या सर्वांनाही शेवेट म्हणू लागले. म्हणून ‘इस्राएलाचे बारा वंश’ असे आपण वाचतो तेथे मुळात पुष्कळदा ‘इस्राएलाच्या बारा काठ्या’ असे अक्षरशः म्हटलेले असते. इब्रीत काठीला ‘मट्टे’ असा दुसराही शब्द आहे, आणि त्याचेही तसेच झाले आहे. त्याचा अर्थ काठी व वंश असा दोन्ही होतो. गणनेच्या सतराव्या अध्यायात प्रत्येक वंशाच्या सरदाराचे नाव त्याच्या काठीवर लिहून बारा काठ्या देवापुढे ठेविल्या, त्यांतील अहरोनाची काठी फुलली व तिला बदाम आले, ती गोष्ट ह्या दुहेरी अर्थावाचून पुरती उमगत नाही. तेथे काठी फुलते म्हणजे वंश फुलतो.

अशा रीतीने काठी, शासन, वंश आणि राजदंड हे सगळे एका शब्दात येऊन बसले. याकोबाने यहूदाला जे दिले ते सोनाराकडून घडवून आणलेले काही नव्हते. जन्मभर आपल्या हातात जे होते तेच त्याने मुलाच्या हाती वाढताना पाहिले. येथे एक गंमतीची गोष्ट सांगतो. उत्पत्ति ४७:३१ येथे याकोब बिछान्याच्या उशाकडे वाकला असे इब्री प्रतींत वाचतात, आणि इब्री लोकांस पत्र ११:२१ येथे तो काठीच्या टोकावर टेकून देवाला भजला असे आहे. हा विरोध नव्हे. जुन्या इब्री लेखनात स्वर लिहीत नसत. ‘मिट्टा’ म्हणजे बिछाना व ‘मट्टे’ म्हणजे काठी ही दोन्ही एकाच अक्षरांनी लिहिली जातात. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी काठी असे वाचले आणि पत्राच्या लेखकाने ते घेतले.

आता मिसराकडे पाहू. याकोबाने राजा पाहिला होता. फारोपुढे तो उभा राहिला होता व त्याने फारोला आशीर्वादही दिला होता. फारोच्या हाती काय असे हे आज आपल्याला पक्के ठाऊक आहे, कारण त्या राजांच्या मूर्ती व चित्रे शिल्लक आहेत. त्यांच्या हाती वाकड्या टोकाची मेंढपाळाची आकडी असे. इतकेच नव्हे, तर मिसरी चित्रलिपीत ‘राज्य करणे’ हा शब्द लिहावयाचा झाला की त्या आकडीचेच चित्र काढीत. १९२२ साली हावर्ड कार्टर ह्यांना तुतनखामेन राजाचे थडगे सापडले. त्यात सोन्याने व निळ्या काचेने मढविलेल्या अशा आकड्या निघाल्या. पूर्वेकडे बाबेलातही तसेच. हम्मुराबी राजाच्या कायद्यांचा मोठा काळा दगड १९०१-०२ साली खणून काढला. त्याच्या माथ्यावर सूर्यदेव राजाला दंड व कडे देत आहे असे कोरले आहे, आणि लेखाच्या आरंभी राजा स्वतःला मेंढपाळ म्हणवितो.

परंतु आता उत्पत्ति ४६:३४ हे वचन काढून पाहा. योसेफ आपल्या भावांना सांगतो की, मिसरी लोकांना प्रत्येक मेंढपाळाची किळस वाटते. ज्या देशात राजाच्या हाती मेंढपाळाची काठी सोन्याने मढवून देत, त्याच देशात खऱ्या मेंढपाळाला पंक्तीस घेत नसत! काठी राजाच्या हाती असली तर वंद्य, आणि ज्याने ती रानात उन्हातान्हात वागविली त्याच्या हाती असली तर निंद्य. काठी एकच.

बंधूंनो, हे वाचताना मिसरापर्यंत जाण्याची आपल्याला गरज नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांच्या वाडवडिलांच्या हातीही एक काठी होती. वेसकराची काठी ती. तिला घुंगरे बांधलेली असत. ती जमिनीवर आपटली की घुंगरे वाजत व वेसकर आल्याचे घरातल्यांना समजे. रात्री गावाची वेस राखावयाची, सरकारी सारा तालुक्याला पोहोचवावयाचा, कोणी मेले तर परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यावयाचा, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावावयाचे, ही सर्व कामे त्या काठीची. शेताच्या शिवेविषयी तंटा पडला तर महाराने दाखविलेली शीव खरी धरीत. एवढा विश्वास! आणि त्याच माणसाला गावच्या विहिरीवर घागर बुडविण्याची मोकळीक नव्हती. ती काठी अधिकाराची खूण होती की हीनतेची? दोन्हीची होती, मान काठीचा होता, आणि अपमान ती धरणाऱ्याचा होता. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली व त्या कामांचा पाश सुटला. त्याच्या कितीतरी आधी आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा घेऊन उभे राहिले होते.

आज कित्येक घरांत त्या काठीचे नाव काढीत नाहीत. लाज वाटते. मुलगा शिकला, शहरात नोकरीस लागला, त्याच्यापुढे आजोबांच्या आजोबांची घुंगुरकाठी कशाला? मी त्याला दोष देत नाही. ज्या जखमेवर लोकांनी पुन्हा पुन्हा बोट ठेविले ती झाकावीशी वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या शब्दाने शास्त्र राजदंडाचे वर्णन करते, त्या शब्दात राजाची काठी वरची व राखणदाराची खालची असा भेद नाही, हे त्या मुलाला कोणीतरी सांगितले पाहिजे.

इतर भाषांकडे थोडे वळू. ग्रीक भाषेत राजदंडाला ‘स्केप्ट्रॉन’ म्हणत. इंग्रजी सेप्टर हा शब्द त्यातूनच आला. तो टेकणे ह्या अर्थाच्या धातूपासून झाला आहे. म्हणजे तेथेही आधी थकलेल्या म्हाताऱ्याची टेकण्याची काठी, आणि मग राजाचा दंड. होमर कवीच्या इलियड काव्यात ज्याच्या हाती तो दंड असेल त्यालाच सभेत बोलता येते. आणि त्याच काव्यात ओडिसियस एका आगाऊ सामान्य शिपायाची पाठ त्याच दंडाने फोडतो. बोलू देणारी काठी व बोलती बंद करणारी काठी! आपल्या वारीत चोबदाराने दंड उंच केला की हजारोंचा गलका एका क्षणात थांबतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना काठीचे हे सामर्थ्य समजेल. (चोब म्हणजे फारसीत लाकूड, काठी.)

तामीळ भाषेत राजदंडाला ‘सेंगोल’ म्हणतात. २८ मे २०२३ रोजी दिल्लीच्या नव्या संसदभवनात असा एक दंड ठेविला, तेव्हा हा शब्द आपल्या गावांतही ऐकू आला. ‘कोल’ म्हणजे काठी. तिच्यामागे जोडलेला शब्द सरळपणा, उत्तमपणा दाखवितो. ह्याच्या उलट ‘कोडुंगोल’, म्हणजे वाकडी काठी, जुलमी राज्य. तिरुक्कुरळ ह्या प्राचीन ग्रंथात एक अध्याय सरळ काठीवर व त्याच्या पुढचाच वाकड्या काठीवर आहे. मला ह्यात विशेष वाटते ते असे की, पंचेचाळिसाव्या स्तोत्रात देवाच्या राजाच्या दंडाला जे विशेषण लाविले आहे तेही हेच आहे. तेथील ‘मिशोर’ ह्या शब्दाचा अर्थ सरळपणा. आणि सपाट माळरानालाही इब्रीत मिशोरच म्हणतात. ज्या काठीत खाचखळगा नाही, उंचसखल नाही, ती ह्या राजाची काठी.

आपल्या ‘दंड’ शब्दाची कथा निराळी झाली. संस्कृतात दंड म्हणजे काठी. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजा दंडाच्या बळावर प्रजेला धाकात ठेवितो. कौटिल्याने अर्थशास्त्रात विवेक केला की, अति कठोर दंडाने लोक त्रासतात, अति मऊ दंडाने राजाला तुच्छ मानतात, यथायोग्य दंड करणाराच मान पावतो. हे व्यवहाराला धरून आहे, खोटे नाही. परंतु मराठीपर्यंत येता येता त्या शब्दातून काय उरले ते पाहा. दंड भरणे, दंड ठोठावणे, दंड थोपटणे! राखणारी काठी त्यातून गळाली आणि चावडीवर मोजावयाचे रुपये तेवढे उरले. शब्द झिजतात तेव्हा माणसांच्या मनातले काहीतरी आधी झिजलेले असते.

एस्तेरेच्या पुस्तकात राजदंडाला शेवेट म्हटलेले नाही. तेथे ‘शार्वीट’ असा शब्द आहे, आणि तो संपूर्ण जुन्या करारात त्या एका पुस्तकावाचून कोठेही नाही. विद्वान त्याला शेवेटचेच लांबविलेले, उत्तरकालीन रूप समजतात. बाबेलच्या भाषेतही त्याच्यासारखा शब्द आहे. शब्द लांबला, काठी सोन्याची झाली आणि मेंढपाळ तिच्यातून निघून गेला. अहश्वेरोश हिंदुस्थानापासून कूशापर्यंत एकशे सत्तावीस प्रांतांवर राज्य करीत होता. त्याच्या शूशन राजवाड्याचा कायदा असा की, बोलाविल्यावाचून जो कोणी आतल्या चौकात राजापुढे जाईल त्याने मरावे. राजाने सोन्याचा दंड पुढे केला तरच जगावे. (हम्मुराबीचा तो दगड ह्याच शूशनाच्या ढिगाऱ्यात सापडला, विजेत्यांनी तो बाबेलाहून तेथे आणिला होता.) लग्नाच्या बायकोलाही सूट नव्हती. एस्तेरेला तीस दिवस बोलावणे आले नव्हते. तिच्या लोकांच्या कत्तलीचा हुकूम सुटला होता, आणि तिला त्या चौकात पाऊल टाकावयाचे होते. तीन दिवस तिने अन्नपाणी घेतले नाही. आपल्या लोकांनाही घेऊ दिले नाही. मग राजवस्त्रे लेवून ती उभी राहिली. राजाने दंड पुढे केला, तिने जवळ जाऊन त्याच्या टोकाला स्पर्श केला.

ह्या गोष्टीत आपण एस्तेरेचे धैर्य वाखाणतो. वाखाणावे. परंतु तो राजदंड कसा होता ह्याचाही विचार करा. तो राजाच्या लहरीवर पुढे येई. तो पुढे आला नसता तर? त्याच राजाने पूर्वी वश्ती राणीला एका मेजवानीच्या दिवशी काढून टाकिले होते. ज्या दंडापुढे स्वतःची पत्नी थरथरते, तो सोन्याचा असला तरी बाभळीच्या आकडीहून हलका आहे. इब्री लोकांस पत्र लिहिणारा पहिल्या अध्यायात पंचेचाळिसाव्या स्तोत्रातील सरळ राजदंड पुत्राला लावितो, आणि चौथ्या अध्यायात तो आपल्याला कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जावयास सांगतो. बोलावणे आले की नाही हे तेथे विचारावे लागत नाही. तीस दिवस मोजावे लागत नाहीत.

आता यहूदाकडे परत येऊ, कारण खरी कठीण गोष्ट तेथेच आहे. ज्याला राजदंडाचे वचन मिळाले तो मनुष्य कोण होता? उत्पत्तीचा अडतिसावा अध्याय मंडळीत मोठ्याने वाचण्यास आपण संकोचतो. यहूदाची सून तामार विधवा झाली. तिला धाकट्या दिराशी लावून द्यावयाचे वचन यहूदाने दिले व पाळले नाही. तिला बापाच्या घरी बसवून ठेविले. पुढे ती तोंडावर बुरखा घेऊन वाटेत बसली असता यहूदा तिला न ओळखता तिच्याकडे गेला, आणि मोबदल्याचे करडू पाठवीपर्यंत गहाण म्हणून त्याने तिच्याजवळ मुद्रा, गोफ व हातातली काठी ठेविली. तीन महिन्यांनी सून गरोदर आहे असे कळताच त्याच यहूदाने तिला बाहेर काढून जाळून टाका असे फर्माविले. किती चटकन न्याय झाला! साक्षीदार नाही, चौकशी नाही. आणि तिला बाहेर नेत असता तिने ती काठी पाठविली. ही कोणाची आहे ते ओळखा, एवढेच ती म्हणाली.

तेथील शब्द मट्टे आहे, शेवेट नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण वाचणाऱ्याच्या मनातून ही काठी व अकरा अध्यायांनंतरचा राजदंड वेगळे होत नाहीत. ज्याच्या घराण्यातून राजदंड सुटणार नव्हता, त्याने आपली काठी एकदा गहाण टाकिली होती, आणि तीच काठी त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. यहूदाने त्या वेळी एक गोष्ट केली ती थोर आहे. काठी चोरीस गेली होती असे त्याने म्हटले नाही. तामार माझ्यापेक्षा नीतिमान आहे, असे त्याने सर्वांदेखत कबूल केले. मत्तय आपल्या प्रभूची वंशावळ देतो तेव्हा तिसऱ्याच वचनात तामारेचे नाव घेतो.

आपल्या मंडळ्यांतील पंचांनी, वडीलजनांनी व पाळकांनी हा अध्याय सभेला बसण्यापूर्वी वर्षातून एकदा तरी वाचावा असे मला फार वाटते. आपल्यापुढे प्रकरणे येतात. कोणा विधवेची कागाळी येते, कोणा मुलीचे नाव घेतात, कोणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवावयाचे असते. ज्यांना बाहेर बोलण्याची सोय नाही अशांचा निवाडा पुष्कळदा तासाभरात होतो, आणि ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याच्या प्रकरणाला तीन सभा लागतात. मंडळीत शिस्त नको असे मी म्हणत नाही. पौलाने करिंथकरांना विचारलेच होते की, तुमच्याकडे काठी घेऊन येऊ की प्रीतीने येऊ (१ करिंथ ४:२१). पण हा प्रश्न विचारणारा त्याच अध्यायात आपण भुकेले, तहानेले, उघडेनागडे, ठोसे खाणारे आहो असे लिहितो. काठी उगारण्याआधी त्याने ती सोसली होती.

लोखंडी दंडाचे काय, असे कोणी विचारील. दुसऱ्या स्तोत्रात देवाचा अभिषिक्त राष्ट्रांना लोखंडी शेवेटने फोडील, कुंभाराच्या मडक्याप्रमाणे त्यांचे तुकडे करील, असे आहे. हे खरे आहे, आणि ज्या सत्ता गरिबाला मडके समजतात त्यांनी हे वचन ऐकून थरकापावे. तथापि ख्रिस्तापूर्वीच्या ग्रीक भाषांतरात तेथे ‘फोडील’ ह्याऐवजी ‘मेंढपाळाप्रमाणे चारील’ असे क्रियापद आहे. इब्रीतील ही दोन्ही क्रियापदे स्वरांवाचून एकाच अक्षरांनी लिहिली जातात. प्रकटीकरणात हे वचन तीनदा आले आहे, आणि तिन्ही वेळा योहानाने मेंढपाळाचेच क्रियापद घेतले आहे. मीखाच्या शेवटच्या अध्यायातही देवाला विनविले आहे की, तू आपल्या शेवेटने आपल्या लोकांना चार. तेव्हा दंड लोखंडाचा असला तरी धरणारा हात मेंढपाळाचा आहे. लांडग्यावर लाकडी काठी मोडते म्हणून ती लोखंडाची. मेंढरासाठी तिची धार नव्हे.

आणि मग तो दंड प्रभूच्या हाती कसा आला? पिलाताच्या वाड्यात सगळी पलटण गोळा झाली होती. त्यांनी त्याला किरमिजी झगा घातला, काट्यांचा मुगूट गुंफून डोक्यावर ठेविला. राजाला दंड हवाच. तेव्हा कोणीतरी एक वेत आणून त्याच्या उजव्या हाती दिला व ते त्याच्यापुढे गुडघे टेकून हसू लागले. आपल्या भाषेत राजदंडाला राजवेत्र असाही शब्द आहे. वेत्र म्हणजे वेतच. ग्रीकात तेथे ‘कालामोस’ असा शब्द आहे. कालामोस म्हणजे नदीकाठचा पोकळ बोरू. तो तोडून लेखणी करीत. हाच शब्द अरबी व फारसीतून फिरत फिरत आपल्याकडे ‘कलम’ म्हणून आला. चेपलेला बोरू तो मोडणार नाही, असे यशयाने परमेश्वराच्या सेवकाविषयी सांगितले होते, आणि मत्तयाने ते बाराव्या अध्यायात येशूला लाविले आहे. तेथेही शब्द कालामोसच. जो बोरू मोडावयाचा नव्हता तोच आता त्याच्या मुठीत होता.

शिपायांनी मग तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याच्या मस्तकावर मारू लागले. प्रत्येक फटक्याबरोबर काटे आत जात असतील. राजदंड हातात आला तो क्षणभर, आणि फिरून पडला तो त्याच्याच डोक्यावर. त्याने तो हिसकून घेतला नाही. एस्तेरेच्या राजाने दंड पुढे केला तेव्हा एक स्त्री वाचली. ह्या राजाने दंड सोडून दिला. घुंगुरकाठी घेऊन ज्यांचे वाडवडील अंमलदाराच्या घोड्यापुढे धावले आणि वर त्याच्या शिव्या व चाबूक खाल्ले, त्यांना ह्या दृश्याचा अर्थ पंडिताकडून समजून घ्यावा लागत नाही. दुपारी वधस्तंभाजवळ पुन्हा कालामोस हा शब्द येतो. आंब भरलेला स्पंज एकाने बोरूच्या टोकाला लावून त्याला पाजण्यास वर केला.

शास्त्रात हा शब्द शेवटी येतो तो प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात. योहानाशी बोलणाऱ्या देवदूताच्या हाती एक कालामोस आहे, आणि तो सोन्याचा आहे. तो कोणाला मारण्यास नाही, कोणाला चौकाबाहेर ठेवण्यास नाही. त्याने तो नगर, त्याच्या वेशी व त्याचा कोट मोजीत आहे, जसा मेंढपाळ आपल्या काठीने मेंढरे मोजीत असे. वेशी बारा आहेत, आणि त्यांच्यावर इस्राएलाच्या बारा वंशांची, इब्रीत सांगावयाचे तर बारा काठ्यांची, नावे लिहिली आहेत. त्यांत यहूदाचेही आहे. त्या वेशी दिवसा कधी बंद होत नाहीत, आणि रात्र तर तेथे नाहीच.